दोनशे चौदा फोटो आणि ओलं रोप

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता बाईंनी यादीवर फिरणारी पेन्सिल थांबवली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दोनशे चौदा फोटो नाहीत."

बाई हळू बोलल्या की समजायचं, काहीतरी मोठं बिनसलंय. एरवी त्यांचा आवाज खालच्या जिन्यापर्यंत जायचा. त्या या वनस्पतिसंग्रहाच्या प्रमुख. संग्रह म्हणजे जुनी तीन मजली इमारत, पोलादी कपाटांच्या रांगा, आणि कपाटांत वाळवलेली रोपं. एकेक रोप जाड कागदावर डकवलेलं, खाली नाव, ठिकाण, तारीख. त्या कागदाला इथे सगळे 'शीट' म्हणत. दारातून आत आलं की समोर एक पाटी दिसायची, पहिल्या प्रमुखांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'ओलं रोप आधी'. म्हणजे डोंगरातून ताजं रोप आलं की बाकी सगळी कामं बाजूला, आधी ते वाळत घालायचं. नाहीतर बुरशी धरते आणि महिनाभराची पायपीट फुकट जाते.

डकवायचं काम आत्यांचं. एकतीस वर्षं त्या चिमटा आणि गोंदाची वाटी घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसत होत्या. पूर्वी त्यांना सगळे ताई म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांची भाची चिंगी इथे प्रोग्रॅम लिहायच्या कामावर लागली, ती दिवसभर "आत्या, आत्या" करत फिरायची, आणि बघता बघता सगळ्या ऑफिसनं ताईंची आत्या करून टाकली.

"कुठले फोटो?" आत्यांनी विचारलं.

"उसने आणलेल्या शीटचे." बाई म्हणाल्या आणि सगळ्यांची तोंडं उतरली.

दूरच्या एका संग्रहालयानं सहाशे चाळीस दुर्मीळ शीट फोटो काढण्यासाठी दिल्या होत्या, त्याही एकदाच, पुन्हा मागायच्या नाहीत या अटीवर. शनिवारीच पेट्या बंद करून परत रवाना केल्या होत्या. आज बाई यादीशी फोटो ताडून बघायला बसल्या, तर मागच्या पंधरवड्यातल्या मंगळवार, बुधवार आणि गुरुवारचे फोटो नव्हते. सोमवारचे होते. शुक्रवारचे होते. मधले तीन दिवस जणू उगवलेच नव्हते.

"चिंगी," बाई म्हणाल्या, "प्रोग्रॅम तुझा. तू त्याच आठवड्यात त्यात काहीतरी बदल केला होतास."

चिंगीनं मान हलवली. तिच्या कायम नेमणुकीचं पत्र बाईंच्या खणात सहीसाठी पडून होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"मला पाच वाजता तिकडे कळवावं लागेल," बाई म्हणाल्या. "त्यानंतर त्या पत्रावर सही करायला माझा हात धजणार नाही. मला वाईट वाटतंय, पण काय करू?"

आत्यांनी चिमटा खाली ठेवला. भाचीला इथे चिकटवून घ्यायला त्यांनीच शब्द टाकला होता. घड्याळात अकराला दहा मिनिटं होती.

२

"हे बघ, रडायचं नंतर," आत्या म्हणाल्या. "आधी मला समजेल असं सांग. तू बदललंस काय?"

दोघी जिन्यावर बसल्या होत्या. चिंगीनं नाक पुसलं.

"आपली कपाटं कशी आहेत? कपाट कुळाचं, त्यात खण प्रजातीचा, खणात फाइल जातीची. कॉम्प्युटरवरही मी तसेच फोल्डर केलेत, एकात एक. सगळ्यांत वर 'संग्रह', त्यात कूळ, त्यात प्रजाती, त्यात जाती. फोटोकाका शीटवरचं नाव भरतात, बटण दाबतात, की फोटो नेमका आपल्या फोल्डरात जाऊन बसतो."

"मग अडलं कुठे?"

"पूर्वी अडायचं गं! एखादं नवीन कूळ आलं आणि त्याचा फोल्डर नसला की प्रोग्रॅम लाल अक्षरांत ओरडायचा. मग काका माझ्या नावानं ओरडायचे. दिवसातून पंधरा वेळा! म्हणून मी त्या सोमवारी एक छोटी लायब्ररी घातली."

"लायब्ररी?"

"तयार प्रोग्रॅमचा तुकडा. कोणीतरी लिहून ठेवलेला, आपण आयता वापरायचा. त्याला नुसता पूर्ण पत्ता सांगायचा. वाटेतला जो फोल्डर नसेल तो बनवतो, त्याच्या आतला बनवतो, त्याच्याही आतला बनवतो. आणि असेल तर गुपचूप पुढे जातो. मी करून पाहिलं, झकास चाललं. तेव्हापासून एकदाही लाल अक्षर आलं नाही."

"म्हणजे तो कधी नाहीच म्हणत नाही?"

"कध्धीच नाही."

आत्यांना अशी माणसं माहीत होती. त्यांनी विचारलं, "आणि हे फोटो राहतात कुठे? त्या कॉम्प्युटरच्या पोटात?"

"छे, तो केवढासा! टेबलामागे काळी हार्डडिस्क आहे ना, जाड पुस्तकाएवढी, त्यात. कॉम्प्युटरवर 'संग्रह' नावाचा नावापुरता एक फोल्डर आहे. हार्डडिस्क सुरू झाली की ती त्या जागी येऊन बसते. दर शनिवारी तिची एक प्रत काढतो, तीही मी बघितली. तीन दिवस त्यातही नाहीत. सगळा कॉम्प्युटर धुंडाळला."

"मग फोटो जतनच झाले नसतील."

"तीच तर मेख आहे, आत्या." चिंगीनं कागद पुढे केला. "प्रोग्रॅम प्रत्येक फोटोची नोंद ठेवतो. हे बघ. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा, सगळ्यांपुढे हिरवी खूण. फोटो जतन झाले होते! म्हणजे नंतर कोणीतरी पुसले. आणि पुसायचा पासवर्ड तिघांकडेच आहे. बाई, फोटोकाका आणि मी."

३

फोटोकाकांच्या खोलीत पडदे ओढलेले, दोन दिवे, मधोमध कॅमेरा, आणि काका नेहमीसारखे नाक फुगवून बसलेले. शेजारच्या मोठ्या खोलीतून यायचं दार सताड उघडं होतं.

"या, आत्या. माझी झडती घ्यायला आलात ना? घ्या!"

"झडती कसली घेते? माझी पोरगी अडकलीय. तुम्ही जरा डोकं चालवा माझ्याबरोबर."

हे ऐकून काका थोडे नरमले. पण थोडेच. "तुमची पोरगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिनं मला नियम घालून दिला, हिरवी खूण आली की कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं. मी शिस्तीचा माणूस! रोज संध्याकाळी कार्ड पुसतो, कॉम्प्युटर बंद करतो, कुलूप लावतो. सकाळी उघडतो, चालू करतो. पंचवीस वर्षांत एक दिवस चुकवला असेल तर सांगा."

"म्हणजे कार्डावरही फोटो नाहीत."

"हिरवी खूण दिसली मला! डोळ्यांनी!" काकांचा आवाज चिरकला. आत्यांच्या लक्षात आलं, हा माणूस रागावलेला नाहीये, घाबरलाय. दोनशे चौदा शीट त्यानं स्वतः एकेक करून दिव्याखाली ठेवल्या होत्या.

"तुमचे फोटो सुंदर असतात, काका. पाकळीवरची शीर न् शीर दिसते."

काकांनी घसा साफ केला. "असतात खरे. आणि वर हा कॉम्प्युटर छळतोय. दोन आठवडे झाले, रोज सांगतो जागा भरली, जागा भरली. अरे, तुझ्यात मी ठेवलंय काय? सगळं त्या काळ्या डब्यात जातं. चिंगीनं उघडून बघितला, म्हणाली काका, रिकामाच आहे, काहीतरी किरकोळ असेल."

"रिकामा आहे आणि भरलाय म्हणतो?"

"म्हणतो."

आत्यांनी हे मनात ठेवलं. मग त्या खाली वाकल्या, टेबलामागे. हार्डडिस्क होती, तिचा दिवा लुकलुकत होता, वायर भिंतीतल्या प्लगला. त्या खोलीत हात पोचेल असं तेवढं एकच सॉकेट होतं. आत्यांची नजर फरशीवर गेली. त्यांनी बोट टेकवलं आणि काहीतरी उचललं.

टीपकागदाचा कपटा होता. त्याला एक जांभळी पाकळी चिकटलेली, वाळून कडक झालेली.

"काका, इथे वाळवण कोणी घातलं होतं?"

"माझ्या खोलीत?" काका ताडकन उठले. "वाळवण? कोणाची टाप आहे!"

४

टाप एकाचीच होती. संग्रहासाठी डोंगर पालथे घालून रोपं गोळा करणाऱ्या माणसाला सगळे भटक्या म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. तो मागच्या अंगणात बूट घासत बसला होता.

आत्यांनी पाकळी पुढे धरली. "हे तुझं."

भटक्यानं एकदा बघितलं आणि दात काढले. "माझंच! पाणथळातलं. मागच्या पंधरवड्यात आणलं ना, काय भिजलं होतं म्हणून सांगू! पाच गठ्ठे. अजून डकवलं नाहीत तुम्ही?"

"डकवीन. आणलंस कधी?"

"मंगळवारी, भल्या सकाळी. कोणीच आलं नव्हतं. पहिला ड्रायर आधीच भरलेला. म्हटलं दुसरा लावावा." दुसरा ड्रायर म्हणजे लाकडी खोका, तळाशी हीटर, वर टीपकागदात दाबलेली रोपं. "पण मोठ्या खोलीतलं सॉकेट बिघडलंय. मग काकांच्या खोलीची किल्ली घेतली, तिथली एक काळी पिन काढली, ड्रायरची खोचली आणि दाराखालच्या फटीतून वायर ओढून खोका मोठ्या खोलीतच ठेवला. काकांना कळलंच नाही." तो खूश होऊन हसला. मग आत्यांचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "का हो? ओलं रोप आधी, असंच आहे ना?"

"असंच आहे. पिन परत कधी लावलीस?"

"गुरुवारी संध्याकाळी, रोपं वाळल्यावर, काका घरी गेले तेव्हा. हातातला हा कपटा तेव्हाच पडला असेल. अगदी आठवणीनं लावली हो, आत्या."

मंगळवार सकाळ ते गुरुवार संध्याकाळ. आत्यांना वाटलं, जिंकलं! त्या तरातरा जिना चढल्या, एवढ्या की वर पोचेपर्यंत धाप लागली. पण चिंगीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचं तोंड आणखीच उतरलं.

"आत्या, याचा अर्थ हार्डडिस्क तीन दिवस बंद होती."

"हो ना!"

"मग फोटो तिच्यात जाणारच नाहीत. आणि कॉम्प्युटरवर शोधलं, तिथेही नाहीत. तरी खूण हिरवी. दोनशे चौदा फोटो जतन झाले ते कुठे, हवेत?" तिनं कपाळाला हात लावला. "उलट वाईट झालं. आता बाई म्हणतील, माझा प्रोग्रॅम खोटं बोलतो."

साडेतीन वाजले होते.

५

काही सुचेना की आत्या हातानं काहीतरी काम काढत. त्या कपाटांच्या रांगेत गेल्या आणि वाळलेल्या शीट जागच्या जागी लावू लागल्या. हे कूळ, हा खण. खण ओढला. प्रत्येक खणात एक पत्र्याचा ट्रे असतो, शीट त्या ट्रेमध्ये राहतात. साफसफाईला ट्रे बाहेर काढतात, मग परत सरकवतात.

या खणातला ट्रे साफ करायला बाहेर काढलेला होता. खाली नुसता खण, रिकामा. आत्यांच्या हातात शीट होती. त्यांनी ती ठेवायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

आत्ता ठेवली तर राहील. नीट राहील, बरोबर कुळात, बरोबर खणात. खण काही नाही म्हणणार नाही. आणि मग कोणी ट्रे आणून सरकवला की?

"चिंगे!" आत्या ओरडल्या. एकतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच इथे इतक्या मोठ्यानं ओरडल्या असतील. "चिंगे, काकांच्या खोलीत चल! बाईंनाही बोलाव!"

पाच मिनिटांत सगळे जमले. भटक्याही आला, एक बूट हातात घेऊन.

"मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही," आत्या म्हणाल्या, "पण खणांचं कळतं. चिंगी म्हणते, 'संग्रह' हा नावापुरता फोल्डर, आणि हार्डडिस्क सुरू झाली की त्या जागी येऊन बसते. म्हणजे फोल्डर हा खण, आणि हार्डडिस्क हा त्यातला ट्रे. मंगळवारी सकाळी भटक्यानं पिन काढली. ट्रे बाहेर. काकांनी कॉम्प्युटर चालू केला आणि फोटो काढला. जुना प्रोग्रॅम असता तर?"

"लाल अक्षरं," काका पुटपुटले. "कूळच सापडत नाही म्हणून बोंबलला असता."

"पण नवीन लायब्ररी कधी नाही म्हणत नाही. तिनं बघितलं, कूळ नाही? बनवू. प्रजाती नाही? बनवू. जाती? बनवू. रिकाम्या खणातच तिनं सगळं एकात एक उभं केलं आणि फोटो ठेवला. खोटं नाही बोलली, जतन केलाच की! म्हणून खूण हिरवी. म्हणून कॉम्प्युटर जागा भरली म्हणून रडतोय. त्याच्याच पोटात आहेत ते."

"पण मी शोधलं..." चिंगी म्हणाली आणि मधेच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "शुक्रवारी सकाळी काकांनी कॉम्प्युटर चालू केला, तेव्हा हार्डडिस्क परत आली!"

"ट्रे परत सरकवला. आता खण उघडला की ट्रेमधलंच दिसणार. ट्रेच्या खाली कोण बघतंय?"

चिंगी टेबलाखाली शिरलीसुद्धा. कॉम्प्युटर बंद केला, काळी पिन उपसली, कॉम्प्युटर चालू केला. तो सुरू व्हायला एक मिनिट लागतं, पण काकांनी तेवढ्यात तीनदा घाम पुसला. चिंगीनं 'संग्रह' उघडला.

आत नऊ कुळं होती. एका कुळात प्रजाती, प्रजातीत जाती, आणि जातीत, दिव्याखाली लख्ख, शीर न् शीर दिसणारा फोटो.

"मोज," बाई म्हणाल्या.

"दोनशे चौदा," चिंगी म्हणाली आणि आत्यांच्या गळ्यात पडून आता मात्र मनसोक्त रडली. काकांनी भटक्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि लगेच त्याच हातानं त्याला जवळही घेतलं.

६

पावणेपाचला फोटोंच्या दोन प्रती झाल्या होत्या. चिंगीनं प्रोग्रॅम दुरुस्तही केला होता. हार्डडिस्कमध्ये तिनं खुणेची एक छोटी फाइल ठेवली. ती दिसली तरच लायब्ररीनं फोल्डर बनवायचे, नाही दिसली तर लाल अक्षरांत ओरडायचं. भटक्यानं मुद्दाम पिन काढून बघितली. "ओरडलं, ओरडलं!" काका आनंदानं म्हणाले. इतके महिने त्या लाल अक्षरांना शिव्या देणारा माणूस!

बाईंनी खणातून ते पत्र काढलं. पेन हातात घेतलं. आणि पुन्हा ठेवलं.

"मला फार आनंद झालाय," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू का, चूक तर झालीच. भटक्यानं पिन काढली हे खरं, पण प्रोग्रॅमनं ते ओळखायला हवं होतं. नशिबानं सापडले. सही सहा महिन्यांनी करू या."

चिंगीनं मान खाली घातली. "बरोबर आहे, बाई. काय बनायला हवं तेवढंच मी तपासलं. काय बनायला नको, ते तपासलंच नाही."

आत्या गोंदाची वाटी धूत होत्या. वाटी पुसत पुसत त्या म्हणाल्या, "मला ते ट्रेचं एकदम कसं सुचलं, विचारलं नाही कोणी."

"कसं?" चिंगीनं विचारलं.

"फार जुनी गोष्ट आहे. अठ्ठावीस वर्षं झाली असतील. अशाच काही शीट हरवल्या होत्या. सगळी इमारत डोक्यावर घेतली तेव्हाच्या साहेबांनी. मला सापडल्या, कुठल्याशा खणात, ट्रेच्या खाली. ट्रे धुवायला काढलेला असताना कोणीतरी नुसत्या खणातच ठेवल्या होत्या. मी जागेवर लावून टाकल्या. साहेबांना वाटलं, नीट शोधलंच नव्हतं."

"ठेवल्या कोणी होत्या?"

"होती एक नवीन मुलगी. तीन महिने झाले होते लागून. हुशार होती, पण साहेब फार कडक. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती." आत्यांनी वाटी उपडी घातली. "खण कुठला होता, ते काही आता आठवत नाही."

मग बाई म्हणाल्या, "एकेचाळीस नंबर."

सगळ्यांनी वळून बघितलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता.

"मला रात्री अंथरुणात आठवलं," त्या म्हणाल्या. "सकाळी धावत आले, ट्रे उचलला, तर खाली काही नाही. शीट आपल्या जागी. मला वाटलं, मीच वेडी झाले. अठ्ठावीस वर्षं मी कोणाला बोलले नाही."

त्यांनी पेन उचललं आणि पत्रावर सही केली, नेहमीची, लांबलचक शेपटीची. पत्र चिंगीच्या हातात दिलं. चिंगीला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर तिनं काकांना, भटक्याला आणि चुकून बाईंनाही मिठी मारली.

सगळे खाली गेल्यावर बाई खिडकीजवळच्या टेबलापाशी थांबल्या.

"ताई," त्या म्हणाल्या. हे नाव कितीतरी महिन्यांत कोणी घेतलं नव्हतं. "तेव्हा तुम्ही मला निदान सांगायचं तरी. एक शब्द नाही बोललात."

आत्यांनी चिमटा खणात ठेवला आणि पदर सारखा केला. "दारात पाटी आहे ना, बाई. ओलं रोप आधी. बाकीचं मागून."

बाई हसल्या, आणि त्यांचं ते हसणं खाली जिन्यापर्यंत ऐकू गेलं. मग दोघींनी मिळून खिडक्या लावल्या आणि त्या घरी निघाल्या.